सायटिकाचा दोष कुणावर? कुल्ह्यातल्या एका स्नायूची पार्श्वभूमी

पायात कळ उतरली की बडोद्यात निदान घरीच होते: सायटिका. पुढे एमआरआय झाला की 'गादी सरकली' हेही ठरते, आणि मग कमरेचा पट्टा, वजन लावणे, शेक हे ओळीने येते. यातल्या पुष्कळांची गादी खरोखरच नसेवर आलेली असते. पण काही जणांची तक्रार नीट ऐकली तर वेगळीच निघते. कंबर जवळजवळ मोकळी असते, दुखते ते एका कुल्ह्यात, खोलवर. दुकानात मांडी घालून किंवा स्कूटरवर अर्धा तास बसले की मांडीच्या मागून पोटरीकडे चमक जाते. उठून चार पावले टाकली की जरा बरे वाटते. अशा वेळी पिरिफॉर्मिस नावाच्या स्नायूचा विचार करावा लागतो.

माकडहाडाच्या वर असलेल्या त्रिकास्थीच्या आतल्या अंगाने हा स्नायू निघतो, कुल्ह्यातून आडवा जातो आणि खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्याला चिकटतो. सायटिक ही शरीरातली सर्वांत जाड नस बहुतेक माणसांत त्याच्या खालच्या काठाखालून बाहेर पडते. स्नायू आखडला किंवा सुजला तर नसेला त्रास होईल, हे आज कुणालाही पटेल. तिथवर पोचायला मात्र फार काळ गेला. या दुखण्याचा दोष प्रत्येक काळाने वेगळ्या जागी ठेवला, आणि जिथे दोष तिथेच उपचार असे चालत आले.

आपल्याकडची नोंद जुनी आहे. चरकसंहितेत वातव्याधींमध्ये गृध्रसीचे वर्णन येते: वेदना कुल्ह्यापासून सुरू होते आणि कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी असे करत पावलापर्यंत उतरते. सुश्रुताने आणखी एक गोष्ट टिपली. या रुग्णाचा पाय उचलण्याची क्रियाच अडते. ही निरीक्षणे इतकी नेमकी आहेत की आजही तपासणीची सुरुवात तिथूनच होते.

युरोपात हे दुखणे शतकानुशतके खुब्याच्या सांध्याच्या खात्यावर पडत होते. 1764 मध्ये नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी सांध्याचे दुखणे आणि नसेचे दुखणे वेगळे काढले. पुढे 1880 मध्ये सर्बियाच्या लाझा लाझारेविच यांनी गुडघा सरळ ठेवून पाय वर उचलण्याची चाचणी मांडली. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये फोर्स्ट या विद्यार्थ्याने आपले गुरू लासेग यांच्या नावाने तीच खूण नोंदवली. जगभर नाव झाले ते लासेगचे. लाझारेविच हे सर्बियन भाषेतले नामवंत कथाकारही होते, आणि त्यांच्या देशात त्यांची ती ओळख अधिक मोठी आहे.

स्नायूवर बोट ठेवले गेले ते विसाव्या शतकात. 1928 मध्ये योमन यांनी त्रिकास्थीजवळच्या सांध्याची सूज पिरिफॉर्मिसपर्यंत पोचते आणि तिथून नसेला त्रास होतो, असे मांडले. 1930 च्या दशकात अमेरिकेत अल्बर्ट फ्रायबर्ग हा स्नायू शस्त्रक्रियेने सैल करू लागले. बीटन आणि अँसन यांनी शवविच्छेदनातून दाखवले की काहींमध्ये नस स्नायूच्या खालून न जाता त्याला भेदून जाते, तर काहींमध्ये दोन फाटे होऊन वरून-खालून जाते. दोष जन्मजात रचनेचा, हा विचार त्यातून पक्का झाला आणि तो बराच काळ टिकला. 2010 मध्ये सहा हजारांहून अधिक शवांच्या नोंदी एकत्र केल्या गेल्या. त्यात अशी वेगळी रचना 16.9 टक्के निघाली, आणि ज्यांच्यावर या दुखण्यासाठी शस्त्रक्रिया झाली त्यांच्यात 16.2 टक्के. म्हणजे रचना वेगळी असली म्हणून दुखणे येतेच असे नाही. 'माझी नसच चुकीच्या जागी आहे' या समजुतीने खचलेल्या माणसाला हे आकडे जरूर सांगावेत.

मधल्या काळात पारडे पूर्ण फिरले होते. 1934 मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी मणक्यांमधली गादी फुटून नसेच्या मुळावर दाब येतो, हे दाखवून दिले. शोध खरा होता आणि मोठाही होता. पण त्यानंतर सायटिका म्हणजे गादी हे समीकरण इतके घट्ट झाले की कुल्ह्यात हात लावून पाहणेच मागे पडले. 1947 मध्ये रॉबिन्सन यांनी पिरिफॉर्मिस सिंड्रोम हे नाव दिले आणि लक्षणे नोंदवली. त्यांत कुल्ह्यावर पडल्याचा इतिहास होता आणि बोटाला लागणारी लांबट, दुखरी गाठही होती. तरी पुढची कित्येक दशके हे निदान वादातच राहिले. सर्वमान्य अशी एकच निर्णायक चाचणी आजही नाही. गादी, मणका आणि खुबा तपासून बाजूला ठेवल्यावरच इथे यावे लागते.

याच शतकात बडोद्यात शरीराकडे पाहण्याची एक वेगळी शाळा चालू होती. जुम्मादादा व्यायाम मंदिरात राजरत्न प्रा. माणिकराव यांच्या देखरेखीखाली मुले घडत होती. कैवल्यधाम या योगसंस्थेचे संस्थापक स्वामी कुवलयानंद 1907 ते 1910 या काळात त्यांच्याच हाताखाली तयार झाले. 1924 मध्ये लोणावळ्याला त्यांनी आसनांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला, त्यामागे हा आखाडा आहे. दुखावलेले अंग पुन्हा कामाला लावायचे, नुसते पडू द्यायचे नाही, ही आखाड्याची रीत होती. बडोद्याच्या मराठी घरांतून लचकेवर तेल लावून देणारे जाणते हात याच परंपरेतले. त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण पायात मुंग्या येत असताना कुल्ह्यात कोपर रुतवून जोराने दाबणे मात्र थांबायला हवे. आधीच चिडलेली नस त्याने आणखी चिडते.

भारतात फिजिओथेरपीचे शिक्षण 1953 मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाले. पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांची गरज त्यामागे होती. व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना 1955 ची. बडोद्याचे मेडिकल कॉलेज 1949 चे, आणि सयाजी हॉस्पिटलच्या आवारात पुढे फिजिओथेरपीचे महाविद्यालयही आले. पाठ-कमरेच्या रुग्णाला मात्र त्या काळी दोनच गोष्टी ठाऊक होत्या: लाकडी फळीवर पडून राहणे आणि वजन लावणे.

पडून राहण्याला उत्तर 1999 मध्ये मिळाले. नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या 183 रुग्णांपैकी निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणात ठेवले, बाकीच्यांना झेपेल तसे हिंडू-फिरू दिले. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत सुधारलेले रुग्ण 87 टक्के होते. पडून राहण्याने काहीच जास्तीचे मिळाले नाही. बडोद्यातल्या घराघरांत आजही 'बेडरेस्ट' हाच पहिला सल्ला असतो, याचे मला फार वाईट वाटते.

व्यायामाची दिशाही वादाची होती. 1937 पासून अमेरिकेत पॉल विल्यम्स यांचे पुढे वाकण्याचे व्यायाम चालले. 1956 मध्ये न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांचा एक रुग्ण डोक्याकडची बाजू उंच असलेल्या बाकावर चुकून पालथा पडून राहिला. पाठ मागे वाकलेल्या त्या अवस्थेत काही मिनिटे गेली आणि त्याच्या पायातले दुखणे कमी झाले. तिथून मॅकेन्झी पद्धत आली. पायातली कळ वर सरकत कमरेपाशी गोळा होत असेल तर ती सुधारणेची खूण, हा तिचा गाभा. गादीच्या दुखण्यात तिचा मोठा उपयोग होतो. पिरिफॉर्मिसमध्ये कंबर वाकवल्या-ताणल्याने सहसा फारसा फरक पडत नाही, आणि फरक न पडणे हाही एक सुगावा असतो.

कुल्ह्याची तपासणी हाताने होते. रुग्णाला चांगल्या बाजूवर कुशीवर झोपवतात. दुखऱ्या पायाचा खुबा वाकवून गुडघा दुसऱ्या मांडीपलीकडे खाली नेतात आणि पाय आतल्या अंगाने फिरवतात. स्नायू ताणला जातो आणि नेहमीची ओळखीची कळ उठली तर संशय बळावतो. 2002 मध्ये फिशमन यांनी 918 रुग्णांच्या अभ्यासात याच अवस्थेत नसेचे विद्युत्-मापन केले आणि इंजेक्शनसोबत फिजिओथेरपी देऊन परिणाम पाहिले. त्याआधी 1976 मध्ये पेस आणि नेगल यांनी आणखी सोपी युक्ती दिली होती: बसलेल्या रुग्णाने गुडघे बाहेर लोटायचे, तपासणाऱ्याने हातांनी अडवायचे.

ताण देण्यातही एक बारकावा आहे. खुबा सरळ असताना हा स्नायू पाय बाहेर फिरवतो. खुबा पुरता वाकला की त्याची ओढ उलटते आणि तो पाय आत फिरवू लागतो. म्हणूनच उताणे झोपून दुखऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा आणि ती दुसरी मांडी छातीकडे ओढायची, हा ताण लागू पडतो. अर्धा मिनिट, सावकाश, श्वास न कोंडता. मुंग्या वाढल्या तर तिथेच थांबायचे.

ऑस्ट्रेलियाचे फिजिओथेरपिस्ट जेफ्री मेटलंड, डेव्हिड बटलर, मायकेल शॅकलॉक यांनी नसेकडे वेगळ्या नजरेने पाहायला शिकवले. नस खेचून धरायची नसते, तिला आजूबाजूच्या ऊतींत मागे-पुढे सरकू द्यायचे असते. खुर्चीत बसून गुडघा सरळ करताना मान वर न्यायची, गुडघा दुमडताना मान खाली. दिसायला किरकोळ व्यायाम, पण चिडलेल्या नसेला तो ताणापेक्षा लवकर मानवतो.

2010 च्या सुमारास आणखी एक बाजू पुढे आली. काही रुग्णांत स्नायू आखूड नसतोच. खुब्याचे बाकीचे स्नायू दुबळे असल्याने तो सतत ओढला जाऊन थकलेला असतो. अशाला ताण देत राहणे म्हणजे दुखण्यात भर. तिथे कुशीवर झोपून गुडघे उघडण्याचे व्यायाम, मग 'पूल' म्हणजे उताणे झोपून कंबर उचलणे, मग पायरीवरून एका पायावर हळूच उतरणे, गुडघा आत न झुकू देता, असा क्रम लागतो. दोष आता केवळ पिरिफॉर्मिसवर न टाकता 'खोल कुल्ह्याचा विकार' असे व्यापक नावही रूढ होते आहे, कारण तिथले इतर स्नायू आणि तंतूही नस अडवू शकतात.

मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा जाणे, पाऊल लुळे पडणे यांपैकी काही दिसले तर यातला एकही व्यायाम करत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

बडोद्यात या दुखण्याचा हंगाम म्हणजे नवरात्र. नऊ रात्री, तासन् तास, एका पायावर गिरकी, तीही वर्षभर खुर्चीत बसलेल्या खुब्याने. मागच्या खिशात जाड पाकीट ठेवून दिवसभर गाडी चालवणारेही याच रांगेत येतात. पाकीट पुढच्या खिशात गेले की अर्धे काम होते. गरब्यासाठी मात्र श्रावणाच्या पहिल्या पंधरवड्यातच पायरीचा व्यायाम सुरू करावा, म्हणजे घटस्थापनेपर्यंत खुब्याला सहा ते आठ आठवडे मिळतात. स्नायूला बळ यायला साधारण तेवढा वेळ लागतो.