डासांची जाळी आणि मांजराची जाळी

दुकानात दोन्हींचे रोल शेजारीशेजारी उभे असतात. दोन्ही काळ्या, दोन्ही हाताला प्लास्टिकसारख्या लागणाऱ्या. घरात मांजर आहे असं सांगितलं तरी पुष्कळदा पहिलीच पुढे सरकवली जाते, कारण ती स्वस्त असते आणि दुकानात कायम शिल्लक असते. पहिली म्हणजे आपली नेहमीची फायबरग्लासची, डासांसाठी. दुसरी पॉलिस्टरची, तिला बाजारात पेट मेश, म्हणजे पाळीव प्राण्यांची जाळी, म्हणतात. खिडकीत बसवल्यावर चार पावलांवरून फरक ओळखू येत नाही. पण एसीच्या बाहेरच्या युनिटवर कबूतर येऊन बसलं आणि मांजराने त्यावर झेप घेतली, की त्या क्षणी सगळं याच फरकावर येऊन ठेपतं.

फायबरग्लासचा धागा म्हणजे काचेचे अतिशय बारीक तंतू आणि त्यावर पीव्हीसीचा लेप. एका इंचात साधारण १८ उभे आणि १६ आडवे धागे, प्रत्येकाची जाडी पाव मिलिमीटरच्या किंचित वर. पेट मेशलाही पीव्हीसीचा लेप असतोच, पण आतला धागा पॉलिस्टरचा आणि जाडीला दुप्पट किंवा त्याहून जास्त. काचेचा तंतू सरळ ओढ चांगली सोसतो, मात्र एका जागी मुडपला की तुटतो. मांजराचं नख बाकदार असतं. ते धाग्यात अडकतं, धागा तिथेच मुडपतो आणि चार किलोचं वजन त्या एका जागी लोंबकळतं. पहिल्या दिवशी मुगाच्या दाण्याएवढं भोक पडतं. मांजराला ते लगेच सापडतं आणि ते रोज तिथेच पंजा घालत राहतं. आठवड्याभरात डोकं जाईल एवढी जागा झाली, तर डोक्यामागून अंगही जातं. पॉलिस्टरचा धागा मुडपला तरी तुटत नाही, नख निसटलं की परत जागेवर येतो. सततच्या ओरबाडण्याने पेट मेशवरही पांढरट खुणा पडतात, लेप उडतो, पण वीण टिकते.

दुकानात खात्री करून घेणं अवघड नाही. हातभर तुकडा मागा आणि घट्ट घडी घालून अंगठ्याने दाबा. फायबरग्लासवर घडीची रेघ उमटून राहते, पेट मेश बरीचशी उलगडते. मग एखाद्या स्क्रूचं टोक जाळीत घालून आडवं ओढा. फायबरग्लासचे धागे सरकतात, तुटतात आणि कापलेल्या कडेला बारीक कुसं दिसतात, ती बोटांना टोचतात. पेट मेशमध्ये स्क्रू अडून राहतो. दुकानदार हे करू देत नसेल तर दुसरं दुकान बघावं. नुसत्या 'स्ट्राँग आहे' या शब्दावर जाळी घेऊ नये.

पण इथे एक गोष्ट सुटते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मांजर पुष्कळदा जाळी फाडून जात नाही, ते जाळी फ्रेममधून उखडून जातं. अॅल्युमिनियमच्या शटरला, म्हणजे जाळीच्या चौकटीला, चारही बाजूंनी खाच असते. जाळी त्या खाचेत घालून वरून रबराची दोरी दाबून बसवतात. जाळीला धरून ठेवणारं एवढंच असतं. पेट मेश जाड असल्यामुळे तिला आधीपेक्षा बारीक रबर लागतं. कारागिराने जुनंच रबर वापरलं तर ते खाचेत पूर्ण उतरत नाही, वर फुगून राहतं आणि मांजर कोपऱ्याशी अंग टेकून बसलं की हळूहळू बाहेर येऊ लागतं. म्हणजे पैसे मजबूत जाळीचे गेले आणि खिडकी कच्चीच राहिली. काम झालं की चारही कोपऱ्यांत तळहाताने जोर लावून बघा, तोही कारागीर समोर असताना. रबर जरा जरी हललं तरी परत करून घ्या.

तीच गोष्ट शटरची. सरकत्या खिडकीचं जाळीचं शटर हलकं असतं, खालच्या फटीत पंजा घालून सरकवायला मांजरं सहज शिकतात. कडी किंवा स्टॉपर हवाच. शटर वर उचलून ट्रॅकमधून निघत असेल तर वरच्या ट्रॅकमध्ये छोटी पट्टी बसवून ती जागा भरून घ्यावी.

वेल्क्रोने चिकटवायची जाळी सगळ्यात स्वस्त पडते. भाड्याच्या घरात भोकं पाडता येत नाहीत, म्हणून ती घेण्याचा मोह होतो. डासांपुरती ती ठीक आहे. मांजरासाठी नको. वेल्क्रो सरळ ओढीला दाद देत नाही, पण कोपऱ्यातून सोलायला लागलं की भराभर सुटतो, आणि मांजराचा पंजा कोपऱ्यावरच जातो. बाल्कनीला लावतात ती कबुतरांची नायलॉनची जाळी हा वेगळाच प्रकार. तिने डास थांबत नाहीत आणि काही मांजरं तिचे धागे दातांनी कुरतडतात.

पेट मेशने काय जातं तेही सांगायला हवं. धागा जाड असल्याने उजेड कमी होतो आणि वाराही थोडा अडतो. आधीच अंधाऱ्या खोलीत हे जाणवतं. डास तिच्यातूनही अडतात, बारीक चिलटं मात्र शिरू शकतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, त्यामुळे दिवसा खिडकी उघडली तरी जाळी लावूनच ठेवावी लागते, आणि मांजराची खिडकीत बसण्याची वेळही तीच.

पेट मेश साध्या जाळीपेक्षा चांगलीच महाग आहे. म्हणून सगळं घर बदलायची गरज नाही. फ्रेम शाबूत असेल तर नवं शटर करू नका, फक्त जाळी आणि रबर बदलून घ्या. खर्चात मोठा फरक पडतो. प्रत्येक खोलीत मांजर जिथे बसतं ती एक खिडकी निवडून तिथे पेट मेश लावा आणि बाकीच्या खिडक्या मांजराचं डोकं जाणार नाही एवढ्याच उघडतील असे स्टॉपर बसवा. फक्त खालच्या अर्ध्यात पेट मेश लावायची युक्ती काही जण सांगतात. मला ती पटत नाही. मांजर जाळीवर चढतं, आणि दोन जाळ्या जिथे जोडल्या तिथे मध्ये आडवी पट्टी नसेल तर तोच सांधा उसवतो.

'मांजर कुठूनही पडलं तरी चार पायांवरच पडतं' हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं की लोक त्यावर विसंबून राहतात. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयात पाच महिन्यांत इमारतींवरून पडलेली १३२ मांजरं आली. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उपचार झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली, आणि हाच आकडा सगळीकडे फिरतो. पण जी जागीच गेली ती रुग्णालयात आलीच नव्हती. जी वाचली त्यांच्यातही छातीला मार, तोंडातला फाटलेला टाळू, मोडलेला जबडा, मोडलेले पाय अशा जखमा होत्या. त्या उपचारांच्या खर्चापुढे पेट मेश स्वस्तच म्हणायची.

जाळी पक्की झाल्यावर मग पडद्याचा विचार. झिरझिरीत नेटचा पडदा नखात अडकून लगेच उसवतो. घट्ट विणीचं, गुळगुळीत कापड घ्यावं आणि ते जमिनीच्या थोडं वरच संपवावं. ब्लाइंड असेल तर त्याची लोंबणारी दोरी आधी वर बांधा, मांजराच्या गळ्याला तिचा फास बसू शकतो.

पश्चिमेच्या खिडकीत रोजच्या उन्हाने रबर कडक होऊन आखडतं आणि कोपऱ्यात फट पडते. पावसाळा संपला, ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की खिडक्या पुन्हा दिवसभर उघड्या राहू लागतात. त्याआधी एकदा सगळ्या कोपऱ्यांवरून बोट फिरवा. जाळी सैल पडली असेल तर रबर काढून ती ताणून परत बसवता येते, आणि आखडलेलं रबर नवं घालायला फारसा खर्च येत नाही.