जमिनीवरचा स्प्लिट आणि हवेतला पाय: बॅले शिकणाऱ्यांच्या दोन लवचीकता

बॅलेच्या वर्गात काही वर्षे काढलेल्या मुलामुलींमध्ये एक विसंगती वारंवार आढळते. जमिनीवर त्यांना स्प्लिट, म्हणजे दोन्ही पाय विरुद्ध दिशांना सरळ पसरून बसणे, सहज घालता येतो आणि पुढे वाकल्यावर छाती मांडीला टेकते. पण बारपाशी, म्हणजे हाताच्या आधारासाठी भिंतीला लावलेल्या दांड्यापाशी, उभे राहून तोच पाय समोर उचलायला सांगितला की तो कमरेच्या उंचीवर अडतो आणि बार सोडून मध्यभागी आल्यावर आणखी खाली येतो. स्ट्रेचिंग कमी पडते आहे, असा याचा अर्थ घरी तर लावला जातोच, पण काही वर्गांतही लावला जातो आणि आधीच पुरेसे ताणलेले स्नायू रोज आणखी ताणण्याचा क्रम सुरू होतो. हे निदान बहुधा चुकीचे असते. लवचीकता या एकाच नावाखाली येथे दोन निराळ्या क्षमता मोजल्या जात असतात.

त्यांतली पहिली म्हणजे निष्क्रिय लवचीकता. शरीराचे वजन, स्वतःचे हात, पट्टा, भिंत किंवा दुसरी व्यक्ती यांच्या बळाने सांधा जितका फिरतो, तितकी ती. दुसरी सक्रिय लवचीकता, म्हणजे कोणत्याही आधाराविना, केवळ स्वतःच्या स्नायूंच्या जोरावर तो सांधा जिथवर नेता येतो आणि तेथे काही क्षण स्थिर ठेवता येतो, ती मर्यादा. स्प्लिट ही पहिलीची परीक्षा आहे, तर डेव्हलप्पे (दुमडलेला पाय सावकाश उलगडत हवेत सरळ करणे) आणि अराबेस्क (एका पायावर उभे राहून दुसरा मागे सरळ उचलणे) या दुसरीच्या. सक्रिय मर्यादा निष्क्रिय मर्यादेच्या पुढे जाऊ शकत नाही, त्यामुळे पहिलीची गरज असतेच. मात्र पहिली वाढली म्हणून दुसरी आपोआप वाढत नाही आणि रंगमंचावर बॅले जवळजवळ सगळीकडे दुसरीच मागतो.

आपले नेमके कशात कमी पडते हे घरीच तपासता येते. शरीर गरम झाल्यावर पाठीवर झोपावे, एक पाय जमिनीवर सरळ ठेवावा आणि दुसरा, गुडघा न वाकवता, पट्ट्याने किंवा हातांनी हलकेच जवळ ओढावा. कंबर उचलली न जाता तो जिथे थांबेल तो कोन लक्षात ठेवावा. मग हात सोडून तोच पाय स्वबळावर उचलून पाहावा. दोन्ही कोन जवळजवळ सारखे असतील, तर मांडीमागच्या स्नायूंना ताण देण्याचा खरोखर उपयोग होईल. पहिला कोन मोठा आणि दुसरा त्याहून बराच लहान असेल, तर उणीव ताकदीची आहे आणि कितीही वेळ स्प्लिटमध्ये बसले तरी ती भरून निघणार नाही.

निष्क्रिय लवचीकता वाढते म्हणजे काय होते, याविषयीही बराच गैरसमज आहे. स्नायू रबराप्रमाणे लांबतो अशी सर्वसाधारण समजूत असते; प्रत्यक्षात काही आठवड्यांच्या स्ट्रेचिंगने दिसणारा फरक मोठ्या प्रमाणात मज्जासंस्थेतून येतो, कारण तीच स्थिती तिला कमी धोक्याची वाटू लागते आणि ती अधिक ताण सहन करू देते. त्यापलीकडे हाडांची घडण आहे. खुब्याच्या सांध्याची खोबण किती खोल आहे, तिचे तोंड कोणत्या दिशेला आहे आणि मांडीच्या हाडाची मान किती पुढे वळलेली आहे, हे जन्मजात आणि वाढीच्या वयात ठरते. ते सरावाने बदलत नाही. हाडावर हाड टेकल्यानंतरही रेटा देत राहिले, तर मिळणारे पुढचे काही अंश सांध्याच्या कडेवरच्या कूर्चेच्या आणि अस्थिबंधांच्या जिवावर मिळतात. पुढचा पाय उशीवर किंवा ठोकळ्यावर ठेवून १८० अंशांपलीकडचे स्प्लिट घालण्याची जी हौस समाजमाध्यमांवर दिसते, तिच्याबद्दल वाढत्या वयाच्या मुलांसाठी माझा स्पष्ट नकार आहे.

सक्रिय लवचीकतेची अडचण वेगळी आहे. पाय समोर किंवा बाजूला ९० अंशांपेक्षा वर जातो तेव्हा मांडीच्या पुढचे मोठे स्नायू आधीच आखडून लहान झालेले असतात आणि त्या अवस्थेत त्यांच्यात फारसा जोर उरत नाही. तेथून पुढचे काम मुख्यतः कण्यापासून ओटीपोटातून मांडीच्या हाडापर्यंत जाणाऱ्या खोलवरच्या सोआस या स्नायूवर येते. तो कमकुवत असेल तर विद्यार्थी कंबर वर उचलतात, पाठीला बाक देतात किंवा उभा पाय वाकवतात. पाय उंच दिसतो, पण ती उंची खुब्यातून आलेली नसते. मांडीचा पुढचा भाग दगडासारखा घट्ट होऊन पेटके येत असतील, तर हेच घडते आहे असे समजावे. यावरचे व्यायाम दिसायला क्षुल्लक असतात. हाताने पाय उचलून धरावा, हात सोडावा आणि पाय जिथे टिकेल तिथे तीन ते पाच सेकंद धरून सावकाश खाली आणावा. किंवा बारवर ठेवलेला पाय, कंबर न हलवता, बारपासून दोन बोटे वर उचलून धरावा. ग्राँ बात्माँमध्ये, म्हणजे सरळ पायाच्या मोठ्या फेकीत, पाय वर फेकण्यापेक्षा तो आवाज न करता खाली आणण्याकडे लक्ष द्यावे, कारण वर जाताना वेग मदत करतो आणि खाली येताना फक्त ताकद.

बॅलेशिक्षिका आग्रिपिना व्हागानोव्हा यांच्या नावाने चालणाऱ्या रशियन पद्धतीत नवशिक्यांचा पाय आधी ४५ अंशांवर आणि मग ९० अंशांवर नेला जातो, त्यामागचे तर्कशास्त्र हेच आहे. या क्रमाला कंटाळलेली मुले बहुधा फ्रेंच बॅलेनर्तकी सिल्वी गिलेमची छायाचित्रे दाखवतात. गिलेम जिम्नॅस्टिक्समधून बॅलेकडे आली आणि १९८४ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, पॅरिस ऑपेरा बॅलेच्या सर्वोच्च पदावर पोहोचली. तिचा कानापर्यंत जाणारा पाय जगभर गाजला. तो पाय कोणी धरून ठेवलेला नव्हता, हे मात्र छायाचित्राकडे पाहताना विसरले जाते. छायाचित्र स्थिती दाखवते. तिथवर पाय कसा गेला आणि कसा उतरला हे दाखवत नाही.

सक्रिय आणि निष्क्रिय यांतला हा फरक सर्वांत महाग पडतो तो टर्नआउटमध्ये, म्हणजे पाय खुब्यापासून बाहेर वळवण्यात. पाचव्या पोझिशनमध्ये, म्हणजे एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे चिकटवून उभे राहताना, पावले अगदी उलट दिशांना वळलेली हवीत, या हट्टापायी विद्यार्थी गुडघे वाकवतात, पावले हवी तशी जमिनीवर रोवतात आणि मग गुडघे सरळ करतात. जमिनीचे घर्षण पावले धरून ठेवते, खुबा मात्र तितका वळलेला नसतो. मधला सगळा पीळ गुडघा, नडगी आणि पावलाची कमान यांच्यावर पडतो. पाऊल आतल्या बाजूला कोसळणे आणि गुडघा पावलाच्या बोटांच्या रेषेत न राहता आत झुकणे, ही त्याची दोन ठळक लक्षणे आहेत. प्रत्येक पाय खुब्यातून पूर्ण ९० अंश वळणारे लोक फारच थोडे असतात. खरा, म्हणजे सक्रिय, टर्नआउट पाहायचा असेल तर पावले समांतर आणि टाचा जुळवून ताठ उभे राहावे, वजन टाचांवर घेऊन पावलांचे पुढचे भाग किंचित उचलावेत, खुब्यापासून पाय बाहेर वळवावेत आणि पावले खाली टेकवावीत. जो कोन मिळेल, त्यातच उडी मारावी आणि त्यातच प्लिए (गुडघे वाकवून खाली जाणे) करावे. नितंबांखाली असलेल्या सहा लहान खोल स्नायूंची ताकद वाढली की हा कोन काही अंशांनी वाढतो. मुंबई-पुण्यात आधी भरतनाट्यम शिकून मग बॅलेकडे वळणाऱ्या मुलींना हे लवकर उमगते, कारण अरमंडीला, म्हणजे भरतनाट्यमच्या अर्ध्या बैठकीलाही, खुब्यातूनच वळण लागते. मात्र तेथे गुडघे वाकलेले असतात, त्यामुळे सरळ पायाने तेच वळण टिकवणे त्यांनाही नव्याने शिकावे लागते.

दोन्ही प्रकारच्या सरावाची वेळही एक नाही. एकाच स्नायूला मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ स्थिर ताण दिला, तर त्याची ताकद थोड्या काळासाठी घटते. म्हणून वर्गाआधी कोपऱ्यात स्प्लिट घालून बसण्याची सर्वत्र दिसणारी सवय उड्यांच्या दृष्टीने उलटीच आहे. आधी दहा मिनिटे अंग गरम होईल अशा हालचाली, पायांचे हलके झोके आणि खुब्याची वर्तुळे, मग वर्ग, आणि स्थिर स्ट्रेचिंग वर्गानंतर: साधारण ३० सेकंद, दोन-तीन वेळा, श्वास न रोखता. ताकदीचे व्यायाम दमलेल्या अंगाने करू नयेत. आणि विद्यार्थ्याच्या पाठीवर बसून किंवा गुडघा दाबून स्प्लिट खाली ढकलण्याला कोणत्याही वयात जागा नाही, कारण ढकलणाऱ्याला ताण जाणवत नाही.

ताण आणि दुखापत यांच्यातला फरक ओळखायला दुखण्याची जागा उपयोगी पडते. स्नायूच्या मध्यभागी जाणवणारी आणि सोडल्यावर लगेच ओसरणारी ओढ साधारणपणे निर्धोक असते. जांघेत पुढून चिमटा बसल्यासारखे वाटणे, बैठकीच्या हाडापाशी टोचणे, किंवा गुडघ्यामागून पोटरीपर्यंत मुंग्या येणे ही ओढ नव्हे. पहिल्यात सांधा, दुसऱ्यात स्नायू हाडाला जुळतो ती जागा आणि तिसऱ्यात मज्जातंतू तक्रार करत असतो. अशा वेळी तो व्यायाम थांबवावा, आणि लंगडणे, रात्री दुखणे किंवा काही दिवसांत न ओसरणारी वेदना असेल तर अस्थितज्ज्ञाला किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवावे.

वाढीच्या झपाट्यात या दोन्ही क्षमता एकदमच दगा देतात. मुलींमध्ये साधारण अकरा-बाराव्या आणि मुलांमध्ये तेरा-चौदाव्या वर्षाच्या आसपास उंची सर्वाधिक वेगाने वाढते. हाडे आधी लांबतात आणि स्नायू मागून येतात, त्यामुळे स्प्लिट घट्ट होतो. पायही लांब आणि जड झालेला असतो, त्यामुळे तो उचलायला तीच ताकद अपुरी पडते. गेल्या वर्षी जमणारे अराबेस्क यंदा जमत नाही याला आळस कारणीभूत नसतो. याच काळात हाडांची वाढीची टोके आणि स्नायू जेथे जुळतात त्या जागा सर्वांत नाजूक असतात. मांडीमागचे स्नायू जेथे जुळतात ते बैठकीच्या हाडाचे टोक तर विशीच्या आसपास पूर्ण पक्के होते, आणि जोराने ओढलेल्या स्प्लिटमध्ये ते उखडल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. दर दोन-तीन महिन्यांनी भिंतीवर उंचीची खूण करणे हा यावरचा स्वस्त उपाय आहे. खूण झपाट्याने वर सरकत असेल त्या काळात उड्यांची संख्या आणि पायाची उंची कमी करावी आणि तोल, टर्नआउट व पोटाच्या स्नायूंचे काम चालू ठेवावे.

याच्या उलट टोकाला जन्मतःच सैल सांध्यांची मुले असतात. करंगळी मागे ९० अंशांपलीकडे वळणे, अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूला टेकणे, कोपर आणि गुडघा उलटे वाकणे, गुडघे सरळ ठेवून तळवे जमिनीला लागणे, अशा हालचालींवर ९ पैकी गुण देणारी बायटन नावाची मोजपट्टी डॉक्टर वापरतात. बॅलेच्या प्रवेशचाचणीत अशा मुलांकडे पटकन लक्ष जाते, कारण पाय सहज वर जातो आणि मागे झुकलेला गुडघा रेषा सुंदर करतो. मात्र निष्क्रिय आणि सक्रिय कोनांमधली दरी त्यांच्यातच बहुधा सर्वांत मोठी असते आणि सांध्याच्या टोकाशी लोंबकळत उभे राहण्याची सवय त्यांनाच सर्वांत लवकर लागते. त्यांच्यासाठी स्ट्रेचिंगचा वेळ जवळजवळ पूर्ण काढून तो ताकदीला द्यावा, उभा गुडघा टोकापर्यंत मागे न ढकलता सरळ रेषेत थांबवायला शिकवावे आणि पॉइंट शूज (बोटांच्या टोकांवर नाचण्यासाठीचे कडक बूट) देण्याचा निर्णय घोट्याच्या वाकावर न घेता एका पायावर सलग, न डगमगता किती वेळा टाच उचलता येते यावर घ्यावा.