लागणे (वऱ्हाडी बोलीतील क्रियापद)

मराठीतील एक अकर्मक क्रियापद. संस्कृत ‘लग्’ (चिकटणे, जोडले जाणे) या धातूपासून प्राकृतमार्गे आलेले. ‘लग्न’ हा शब्दही त्याच धातूचा. अमरावती, अकोला, यवतमाळकडच्या खेड्यांत याच्यावाचून पानही हलत नाही.

शेतीत याचा वापर सर्वांत दाट. पऱ्हाटीले (कापसाच्या झाडाला) आधी पात्या म्हणजे फुलकळ्या लागतात, मग बोंडं लागतात, आणि त्याच बोंडांना अळीही लागते; फळ धरणे आणि कीड पडणे, दोन्हीला क्रियापद एकच. विहीर खोदताना पाणी लागले तर घरचे खूश, पण वावरात साचून तुरीले पाणी लागले तर तूर उबळते, म्हणजे सुकून जाते. पावसाची झड लागते, वैशाखात माणसाला ऊन लागते. ‘यष्टी लागली’ म्हणजे गाडी स्टँडवर येऊन उभी राहिली. ‘तिले यष्टी लागते’ म्हणजे प्रवासात तिला मळमळते, खिडकीजवळची जागा द्या. शाळा लागते, डोळा लागतो, नंबर लागतो, पोरगा नोकरीले लागतो.

व्याकरणात हे सहायक क्रियापदाचेही काम करते. प्रमाण मराठीतले ‘मला जावे लागते’ वऱ्हाडीत ‘मले जा लागते’ होते. तसेच ‘फवारा मारा लागते’, ‘पाहा लागते’. सुरुवात दाखवायची तर ‘रडू लागला’ऐवजी ‘रडाले लागला’. नाते विचारताना ‘तो तुया कोन लागते?’ म्हणतात. इथे ‘लागतो’ नाही, कारण वऱ्हाडीत पुल्लिंगी कर्त्यालाही ‘-ते’ चालते. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडीचे वर्णन मराठीच्या बोलींमध्ये आले आहे.

इंग्रजीत यातला एकेक अर्थ वेगळ्या क्रियापदाकडे जातो: वेळ लागतो तिथे ‘टेक’, जावे लागते तिथे ‘हॅव टु’, रडू लागला तिथे ‘स्टार्ट’, वाईट वाटले या अर्थाने मनाला लागले तिथे ‘हर्ट’. त्यामुळे ‘लागणे’ला एकच इंग्रजी प्रतिशब्द पाठ करून घेण्याची शिकवणीतली पद्धत मुलांना गोत्यातच आणते.

सकर्मक जोडीदार ‘लावणे’. कुटाराच्या (गुरांच्या भुशाच्या) गंजीला आग लागली की पंचनामा होतो. आग लावली असे कोणी म्हटले की कुणी लावली ते विचारायला पोलीस येतात. एका व्यंजनाचा हा फरक पारावर फार जपून उच्चारला जातो.

लाग, लागण, लागू, लागवड, लागलीच हे शब्द याच कुळातले. ‘लागत’ म्हणजे पिकाला आलेला खर्च: बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचाईची मजुरी. बाजार समितीत कापसाला भाव लागतो तो व्यापाऱ्याच्या बोलीने, आणि वावरातून निघालेला माल विकून झाला की घरी पहिला प्रश्न येतो, ‘लागत निंघाली का?’