काटकोन त्रिकोणाच्या बाजू

काटकोन त्रिकोणात काटकोनासमोरची बाजू म्हणजे कर्ण. तिन्हींत तीच सर्वांत लांब. काटकोन करणाऱ्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज कर्णाच्या वर्गाएवढी असते. हेच पायथागोरसचे प्रमेय. बेरीज वर्गांची, बाजूंची नव्हे: ३ आणि ४ लांबीच्या बाजू असतील, तर ९ + १६ = २५, म्हणून कर्ण ५. घाईत ७ लिहिणारे दरवर्षी भेटतात.

नाव ग्रीक असले तरी हा संबंध पायथागोरसच्या आधीपासून माहीत होता. प्लिम्प्टन ३२२ या सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीच्या बाबिलोनी मातीच्या पाटीवरील आकड्यांमागे ११९, १२०, १६९ अशी या प्रमेयात बसणारी त्रिकुटे आहेत. आपल्याकडे बौधायनाच्या शुल्बसूत्रातल्या या नियमात त्रिकोणाचे नावच नाही, आयत आहे: त्याच्या कर्णावरची दोरी जेवढे क्षेत्र निर्माण करते, तेवढे त्याची लांबी आणि रुंदी वेगवेगळी मिळून करतात. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञवेदी आखणाऱ्याच्या हातात असायची ती.

सिद्धता अनेक आहेत. त्यांतली सुटसुटीत अशी: काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंब टाकावा. तयार होणारे दोन्ही लहान त्रिकोण मूळ त्रिकोणाशी समरूप असतात, त्यामुळे प्रत्येक बाजूचा वर्ग म्हणजे कर्ण गुणिले तिच्याकडचा कर्णाचा तुकडा. दोन तुकडे मिळून अख्खा कर्ण होतो, आणि बेरीज कर्णाच्या वर्गावर येते.

कामाच्या जागी मात्र उपयोग होतो तो व्यत्यासाचा: बाजू प्रमेयात बसल्या, तर कोन काटकोनच. पायाची आखणी करताना गवंडी कोपऱ्यातून एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फुटांची खूण करतो आणि दोन खुणांमधले अंतर टेपने मोजतो. ५ फूट भरले तर कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. जास्त आले तर कोन फाकलेला, कमी आले तर आवळलेला. दोरी तेवढी सरकवायची. मोठ्या खोलीला ९-१२-१५ घेतलेले बरे, कारण खूण थोडी चुकली तरी कोन फारसा बिघडत नाही.

बाजू पूर्णांकांत असल्या तरी कर्ण पूर्णांकात येईलच असे नाही. १ बाजूच्या चौरसाचा कर्ण √२, म्हणजे अपरिमेय: पूर्णांकांच्या अपूर्णांकात नेमका मांडता न येणारा. शुल्बसूत्रांनी त्यासाठी ५७७/४०८ ही किंमत दिली. ती दशांश चिन्हानंतरच्या पाच स्थळांपर्यंत जुळते.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) काटकोन त्रिकोणाच्या बाजूंना भुज, कोटी, कर्ण अशी नावे येतात. तिथले एक गणित मोराचे आहे. ९ हात उंच खांबावर मोर, खांबाच्या तळाशी बीळ. २७ हातांवरून साप बिळाकडे निघतो, मोर त्याच्यावर तिरपा झेपावतो. दोघांनी सारखेच अंतर कापले, तर गाठ कुठे पडेल? बिळापासून १२ हातांवर. दोघेही १५ हात गेले. म्हणजे गवंड्याचेच ३-४-५, तिप्पट केलेले.