गोव्याचे नाव, ब्राझीलचे झाड: सोरायसिसवरील एका औषधाची पार्श्वभूमी

सोरायसिस या त्वचाविकारावर वापरल्या जाणाऱ्या डायथ्रॅनॉल या औषधाचे मूळ शोधत मागे गेले, की वाट एका पिवळसर तपकिरी भुकटीपाशी येऊन थांबते. एकोणिसाव्या शतकात ही भुकटी भारतात ‘गोवा पावडर’ या नावाने ओळखली जात असे आणि ती नायट्यावर, म्हणजे गजकर्णावर लावत. गोव्यात मात्र ती तयार होत नव्हती. ब्राझीलमधील बाहिया प्रांताच्या दमट जंगलांत वाढणाऱ्या अरारोबा नावाच्या उंच वृक्षाच्या खोडात भेगा पडतात, आणि त्या भेगांत ही भुकटी साचते. झाड तोडून, खोड चिरून ती खरवडून काढावी लागे. तिची धूळ इतकी दाहक असे, की हे काम करणाऱ्यांचे डोळे आणि चेहरा सुजत.

बाहिया आणि गोवा ही दोन्ही ठिकाणे पोर्तुगीज सत्तेखाली होती आणि लिस्बनहून भारताकडे ये-जा करणारी जहाजे अनेकदा बाहियाच्या बंदरात थांबत. काजूचे झाड ब्राझीलमधून आपल्याकडे आले तेही पोर्तुगिजांच्याच हातून. या भुकटीच्या बाबतीत इतकेच वेगळे घडले, की मूळ गावाचे नाव वाटेत गळून पडले आणि जिथून ती पुढे विकली गेली त्या गावाचे नाव तिला चिकटले. मुंबईतील औषधविक्रेते केम्प यांनी १८६४ साली तिच्याविषयी लिहिले, तेव्हा ती कोणत्या वनस्पतीपासून मिळते हे भारतात ठाऊक नव्हते. पुढे कलकत्त्याचे डॉक्टर जोसेफ फेरर यांनी १८७४ मध्ये तिच्या उपयोगाची माहिती प्रसिद्ध केली. ती बाहियात राहणाऱ्या डॉ. दा सिल्वा लिमा यांच्या वाचनात आली आणि भारतात ज्या गुणकारी भुकटीची चर्चा चालली आहे ती आपल्याच जंगलातील अरारोबा आहे, हे त्यांनी ओळखले.

सोरायसिसशी तिचा संबंध जुळला तो निदानातील चुकीमुळे. १८७६ च्या सुमारास लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मॅनो स्क्वायर यांच्या पाहण्यात असे आले, की नायटा समजून गोवा पावडर लावलेले चट्टे बरे झाले आणि ते चट्टे प्रत्यक्षात सोरायसिसचे होते. ही चूक समजण्यासारखी आहे. मराठीतही ‘नायटा’ हा शब्द बोलताना कोणत्याही खाजऱ्या, गोल, पापुद्रे सुटणाऱ्या चट्ट्याला सर्रास लावला जातो. नायटा बुरशीमुळे होतो आणि एकाकडून दुसऱ्याला लागतो. सोरायसिस हा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतील बिघाडातून होणारा दाहजन्य विकार असून तो कोणालाही लागत नाही. हा फरक घरोघर समजलेला नसल्याने सोरायसिसच्या रुग्णांना आजही स्पर्शाची भीती आणि अबोला सोसावा लागतो, म्हणून तो येथे मुद्दाम नोंदवला आहे.

भुकटीतील कार्यकारी द्रव्य कोणते, याबद्दलही सुरुवातीला गफलत झाली. १८७५ मध्ये इंग्लंडचे रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅटफील्ड यांनी ते क्रायसोफॅनिक आम्ल असल्याचे सांगितले आणि स्क्वायर यांचे मलमही त्याच नावाने प्रसिद्ध झाले. १८७८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबरमान यांनी दाखवले, की ताज्या भुकटीतील मुख्य द्रव्य वेगळे आहे. त्याला क्रायसारोबिन हे नाव मिळाले. हवेतील प्राणवायूशी संयोग झाल्यावर त्यापासून क्रायसोफॅनिक आम्ल बनते. हा भेद केवळ नावाचा नाही, कारण सोरायसिसवर गुण येतो तो मुख्यतः ऑक्सिडीकरण न झालेल्या रूपाचा. आपल्याकडे पावसाळ्यात उगवणाऱ्या टाकळ्याला संस्कृतात ‘दद्रुघ्न’, म्हणजे नायट्याचा नाश करणारा, असे नाव आहे आणि त्याच्या बियांतही क्रायसोफॅनिक आम्ल आढळते. तेवढ्यावरून टाकळा सोरायसिसवर उपयोगी पडेल असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

पहिल्या महायुद्धात जर्मनीला होणारा अरारोबाचा पुरवठा तुटला. तेव्हा बायर कंपनीत त्याला कृत्रिम पर्याय तयार झाला आणि १९१६ मध्ये ड्रेस्डेनचे गालेव्स्की व हॅम्बुर्गचे उना या त्वचारोगतज्ज्ञांनी तो रुग्णांवर वापरल्याचे प्रसिद्ध केले. हेच डायथ्रॅनॉल. रचनेच्या दृष्टीने ते क्रायसारोबिनच, फक्त त्यातील मिथाइल गट (एक कार्बन व तीन हायड्रोजन अणूंचा तुकडा) वगळलेला. सोरायसिसमध्ये त्वचेच्या पेशी नेहमीपेक्षा फार वेगाने वाढतात. डायथ्रॅनॉल त्वचेत शिरल्यावर जे अतिक्रियाशील रेणू निर्माण करते, ते या पेशींच्या ऊर्जाकेंद्रांवर आघात करून ती वाढ मंदावतात. हेच रेणू निरोगी त्वचेची आग करतात, आणि औषधाचे ऑक्सिडीकरण होताना त्वचेवर व कपड्यांवर जांभळट तपकिरी डाग पडतात.

१९५३ मध्ये इंग्लंडमधील लीड्सचे त्वचारोगतज्ज्ञ इन्ग्रॅम यांनी डांबरयुक्त पाण्याने स्नान, अतिनील किरणांचा मारा आणि नंतर घट्ट पेस्टमधून डायथ्रॅनॉलचा लेप, असा क्रम घालून दिला. हा क्रम रोज पाळावा लागे आणि त्यासाठी रुग्णाला बहुधा रुग्णालयातच राहावे लागे. १९८० च्या दशकात असे आढळले, की अधिक तीव्र मलम लावून अर्ध्या तासाच्या आसपास ते धुऊन टाकले तरी पुरेसा गुण येतो. रोगट त्वचेतून औषध लवकर आत शिरते आणि निरोगी त्वचेत ते मुरण्याआधीच धुतले जाते, हे त्यामागचे कारण. त्यामुळे हा उपचार घरी घेणे शक्य झाले. पुढे ‘ड’ जीवनसत्त्वासारखी, डाग न पाडणारी मलमे आली आणि डायथ्रॅनॉलचा वापर कमी होत गेला; तरीही त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, जाड व हट्टी चट्ट्यांसाठी ते अजून दिले जाते.