दहा दिवसांचे पाहुणे आणि ‘दोन शब्द’

परदेशी चर्चची ‘टीम’ बहुतेक थंडीत येते. दहा-बारा जण, दहा-बारा दिवस. शाळेची भिंत रंगवायची, मुलांना कृतिगीते शिकवायची, एखादे आरोग्य शिबिर, एखाद-दोन रविवारच्या उपासना आणि परतीच्या वाटेवर ताजमहाल. मायदेशी गेल्यावर ही मंडळी आपले अनुभव लिहितात. त्यात उकाडा असतो, चहा असतो, मुलांचे हसरे चेहरे असतात. व्हिसा क्वचितच असतो. पण या दौऱ्याला आजचे रूप आले त्यात विमानभाड्याइतकाच हात व्हिसाचा आहे.

आधीचे मिशनरी राहायलाच येत. १८१२ मध्ये कलकत्त्याला उतरलेल्या अमेरिकनांना कंपनी सरकारने परत जायला सांगितले. त्यांतले दोघे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोचले आणि बरीच पत्रापत्री होऊन इथे टिकले. त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने परवान्यासह धर्मप्रसाराची वाट मोकळी केली. १८३१ मध्ये त्यांच्या मिशनने अहमदनगरात ठाणे मांडले. पुढचा शाळांचा, छापखान्यांचा, दवाखान्यांचा इतिहास मराठी वाचकाला ठाऊक आहे. इथे लक्षात घ्यायचे ते एवढेच, की आल्याबरोबर त्यांनी मराठी शिकायला घेतली. दहा दिवसांसाठी कोणी मराठी शिकत नाही.

खरी कलाटणी मिळाली ती स्वातंत्र्यानंतर, आणि तिचा एक धागा नागपूरला आहे. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला त्या सरकारने १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाच्या एका निवृत्त मुख्य न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९५६ चा तिचा अहवाल आजही दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने उद्धृत होतो. धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना माघारी जायला सांगावे, ही त्यातली शिफारस सगळ्यांना माहीत असते. दुसरी तेवढी माहीत नसते. राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क ‘सर्व व्यक्तींना’ दिला आहे, फक्त नागरिकांना नव्हे. घटनेत दुरुस्ती करून प्रसाराचा हक्क नागरिकांपुरताच ठेवावा, असे समितीने सुचवले होते. ती दुरुस्ती कधी झाली नाही. पण जे घटनेत झाले नाही, ते व्हिसाच्या अटींतून बरेचसे साधले गेले, असे मला वाटते.

केंद्राचे धोरणही त्याच सुमारास आवळत गेले. जे काम भारतीय माणूस करू शकतो, त्यासाठी नवा परदेशी मिशनरी नको. ब्रिटिश नागरिकांना १९८४ पर्यंत भारतात यायला व्हिसाच लागत नसे, म्हणून तिकडच्यांना हा फास जरा उशिरा बसला. जुनी मंडळी निवृत्त होऊन परतली, त्यांच्या जागी स्थानिक पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आले. ते व्हायलाच हवे होते. मग परदेशी मंडळ्यांकडे (मंडळी म्हणजे एका चर्चचे सभासद) उरला तो पाहुणा. याच काळात जेट विमाने आली आणि उन्हाळी सुट्टीत तरुणांना परदेशी धाडण्याची रीत अमेरिकेत रुजली. २००५ च्या सुमारासच्या एका अभ्यासानुसार तिथून वर्षाला सुमारे १६ लाख चर्चसभासद अशा छोट्या दौऱ्यांवर परदेशी जात होते.

हे पाहुणे येतात टूरिस्ट व्हिसावर. मिशनरी व्हिसा असा वेगळा प्रकार आहे, पण तोही धर्मांतराचे काम न करण्याच्या अटीवर मिळतो, आणि दहा दिवसांसाठी त्या खटाटोपात कोण पडणार? ई-टूरिस्ट व्हिसावर एक महिन्यापर्यंतचे बिनमोबदला स्वयंसेवी काम चालते. म्हणजे भिंत रंगवायला हरकत नाही. अडते ते रविवारी.

गृह मंत्रालयाच्या व्हिसा धोरणात एक परिच्छेद आहे. कोणत्याही प्रकारच्या व्हिसावर तबलीगचे, म्हणजे धर्मप्रचाराचे, काम करता येणार नाही. धार्मिक स्थळांना भेट देणे, प्रवचनाला हजर राहणे यावर बंदी नाही. मात्र धार्मिक विचारांचा उपदेश, धर्मस्थळी भाषण, पत्रके वाटणे, ध्वनिचित्रफिती दाखवणे चालणार नाही. थोडक्यात, ऐकता येईल, बोलता येणार नाही. कागदावर ही रेघ स्वच्छ दिसते. पण मराठी मंडळीत पाहुणा आला की पाळकसाहेब त्याला ‘दोन शब्द’ बोलायला उभे करणारच. नाही केले तर पाहुण्याचा अपमान. तो उठून सलाम सांगतो, घरच्या मंडळीचा निरोप देतो आणि मग प्रभूने आपल्या आयुष्यात काय केले ते सांगतो. याला आपल्याकडे ‘साक्ष’ म्हणतात. साक्ष म्हणजे संदेश नव्हे, हे चर्चमधल्या कोणालाही विचारा. संदेश म्हणजे प्रवचन, ते बायबलमधल्या वचनावर असते, त्याची तयारी लागते. साक्ष स्वतःच्या अनुभवाची. हा फरक पोलीस ठाण्यात कसा समजावायचा?

न्यायालयात हा प्रश्न गाजला तो चर्चमुळे नव्हे, मशिदींमुळे. आणि तोही नगरातच. २०२० च्या टाळेबंदीत नगर जिल्ह्यातल्या मशिदींत सापडलेल्या परदेशी तबलिगींवर, म्हणजे तबलिगी जमात या मुस्लिम धर्मप्रचारक चळवळीतल्या लोकांवर, गुन्हे नोंदले गेले. टूरिस्ट व्हिसावर येऊन प्रचार केला, हा त्यांतला एक आरोप. २१ ऑगस्ट २०२० रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. धार्मिक स्थळी जाण्यावर आणि प्रवचन ऐकण्यावर बंदी नाही, हे धोरणातलेच वाक्य त्यात महत्त्वाचे ठरले. दुसरा मुद्दा भाषेचा होता. या लोकांना हिंदी-उर्दू येत नाही, ते अरबी, फ्रेंच बोलणारे. त्यांनी इथे प्रचार केला कसा? दोनशे वर्षांपूर्वी ज्या भागात मराठी शिकल्यावाचून मिशनरीचे चालत नव्हते, तिथे भाषा न येणे हा बचाव झाला. अमेरिकन टीमला मात्र या मुद्द्याचा फारसा आधार नाही, कारण तिच्या शेजारी दुभाषा उभा असतो.

त्याआधी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, टूरिस्ट व्हिसावर आलेला एक २६ वर्षांचा अमेरिकन अंदमानातल्या उत्तर सेंटिनेल बेटावर धर्मप्रसारासाठी गेला आणि मारला गेला. चर्चच्या टीमचा आणि त्या प्रकाराचा तसा काही संबंध नाही, पण तेव्हापासून ‘टूरिस्ट व्हिसावरचा मिशनरी’ हे शब्द वर्तमानपत्रांना पाठ झाले.

पैशांची गोष्ट निराळीच. निघताना पाहुण्यांनी पाळकांच्या हातात ठेवलेले पाकीट, आत डॉलर नसून रुपये असले तरी, कायद्याने परदेशी देणगीच. २०२० च्या दुरुस्तीपासून अशी देणगी आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेतल्या खात्यात यावी लागते आणि पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. मोठ्या संस्थेने पैसे घेऊन खेड्यातल्या मंडळ्यांना वाटायचे, ही जुनी पद्धत तिथेच थांबली.

मार्च २०२१ च्या अधिसूचनेने हा गुंता आपल्याच माणसांपर्यंत आणला. ओसीआय कार्डधारकाला, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला, मिशनरी किंवा तबलीगचे काम, गिर्यारोहण आणि पत्रकारिता यांसाठी विशेष परवाना लागतो. ही सगळी कामे एकाच यादीत. परदेशी टीमबरोबर अधूनमधून असा एखादा असतो: तिकडे जन्मलेला, आडनाव इथले, आजोबा इथल्याच एखाद्या मंडळीत पाळक. त्याला तोडकीमोडकी का होईना, मराठी येते, म्हणजे भाषेचा बचावही गेला. आजोबांच्या चर्चमध्ये त्याला बाकावर बसता येते, सर्वांबरोबर उभे राहून गीत म्हणता येते. शेवटच्या कडव्यानंतर पाळकसाहेब त्याच्याकडे माइक देतात, तेव्हा परवान्याचा प्रश्न येतो.