हॉटेलातील नोंदीने 90 दिवसांची मुदत बदलत नाही

थायलंडमध्ये दीर्घकाळ राहणाऱ्या परदेशी नागरिकांना असे सांगितले जाते की, देशांतर्गत प्रवासात हॉटेलात नोंद झाली, की इमिग्रेशन कार्यालयाला पत्ता कळवण्याची 90 दिवसांची मुदत नव्याने सुरू होते. हे खरे नाही, पण गैरसमज होणे स्वाभाविक आहे, कारण दोन्ही नोंदी पत्त्याच्याच असतात. पाहुणा आल्यापासून 24 तासांत कळवण्याची जबाबदारी हॉटेलचालकाची किंवा घरमालकाची असते. सलग 90 दिवसांचा मुक्काम झाल्यावर पत्ता कळवण्याची जबाबदारी मात्र स्वतः परदेशी नागरिकाची असते, आणि ती मोजणी देशाबाहेर जाऊन परतल्यावरच नव्याने सुरू होते, चियांग माईहून फुकेतला जाऊन आल्याने नव्हे. मागील नोंदीच्या पावतीवर पुढची तारीख असते; पहिलीच वेळ असल्यास पासपोर्टवरील प्रवेशाच्या शिक्क्यापासून दिवस मोजावेत.